सूज

मुरारच्या नर्सिंग होममध्ये, पौषात,
भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, उलटं मोजा.
नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
सत्त्याण्णव म्हटलं की नाही, आठवत नाही.

मी गेले. शरीर तिथेच राहिलं.

संमतीपत्रावरची सही माझी,
मोडलेली एफडी माझी,
उंचवटा घासा, शेंडा जरा उचला,
हेही मीच आरशात बोट ठेवून सांगितलेलं.
शरीराला यातलं कुणी काही
वाचून दाखवलं नव्हतं.
त्याला फक्त छिन्नी कळली.

मग पांढऱ्या पेशी आल्या, न बोलावता,
जनकगंजात कुणाकडे काही झालं
की शेजारणी गॅस बंद करून येतात तशा,
आणि जागा पुरेना तरी बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दोन फटी,
गालांवर वांग्याचा रंग, कडेने हळद फुटलेली.
सीआरपी अठ्ठेचाळीस.
रामश्री सिस्टर म्हणाली, "होता है.
बदन तो चोट को चोट ही समझेगा."

खिडकीखाली गजक कुटत होते.
ठक्. ठक्.
प्रत्येक घावाला
प्लास्टरखालचं हाड दचकायचं,
मी नाही.

शरयूआत्याने डबा आणला, एक तुकडा भरवला.
तीळ नाही, गूळ नाही,
दातांखाली नुसता चुरा.
मग ती बघतच राहिली माझ्याकडे.
"अण्णा शेवटी असेच सुजले होते गं.
अगदी तेच बसलेत समोर."

डबा उघडाच विसरून गेली.
खोलीभर वास सुटला असणार.