पेपर चौथा, ऐच्छिक

अभ्यास मंडळाच्या बैठकीत कूलरमध्ये पाणी नव्हतं.
वाळक्या जाळीतून नुसती धूळ येत होती
आठ प्राध्यापकांवर आणि एका बशीतल्या काजूबिस्किटांवर.
विषय तिसरा : अमेरिकन साहित्य, समकालीन.
वझलवार सर म्हणाले,
ही बाई अजून जिवंत आहे,
आणि लिहिते काय, तर दीडशे वर्षांपूर्वीचं.
ऐतिहासिक कादंबरी, वाचायला ठीक.
पण अभिजात?
तो शब्द त्यांनी टेबलावर ठेवला
सराफ वजन ठेवतो तसा, दोन बोटांत धरून.

मी तासिका तत्त्वावरची.
मला मत नव्हतं. खिडकी उघडायला सांगितली होती.

आमच्याकडे ऐतिहासिक म्हटलं
की मुखपृष्ठावरच घोडा उधळतो,
आणि प्रस्तावनेत लेखक शपथेवर सांगतो
की सगळं बखरीत आहे.
त्या कादंबरीत घोडा एकच. लंगडा.
तो विकला जातो त्याच दिवशी, त्याच कागदावर,
ज्यावर बाई विकली जाते.
घोड्याला नाव आहे.
बाईच्या नावाच्या जागी वय आहे, अंदाजे.
लेखिकेनं तीनशे पानं
त्या एका रिकाम्या जागेत घातली.

मी बोलले, कुणी विचारलं नसताना.
म्हटलं, तिकडच्या बक्षिसांच्या याद्या पाहा, सर,
कितीतरी जण मागे वळूनच लिहून राहिले.
कुणीतरी हसलं. सर म्हणाले, फॅशन.
असेलही.
भूतकाळाला बक्षीस देणं सोपं असतं,
त्याला खोली भाड्यानं द्यावी लागत नाही.
हे मात्र मी बोलले नाही.

वर्गात सुकेशिनी गजभिये,
इंदोऱ्याहून येते, ओढणीनं तोंड बांधून,
पहिल्या तासाला नेहमी उशिरा.
त्या दिवशी आम्ही वजनाचं प्रकरण वाचत होतो :
संध्याकाळ, कंदील, एकेक टोपली काट्यावर,
आणि कमी भरली तर काय, ते लेखिका सांगत नाही,
फक्त काटा थांबायची वाट पाहायला लावते.
सुकेशिनी म्हणाली, मॅडम,
यांची लढाई पेटली, कापूस अडकला,
तेव्हाच इकडे हिंगणघाटला भाव चढला ना?
मग रूळ आले. मग मिल.

सहा वर्षं मी ही पोथी लावत होते.
ही दोन पानं मी कधी जोडली नव्हती.

माझी खापरपणजी रीलिंग खात्यात होती, ती म्हणाली.
विणाईत आपल्या लोकांना घेत नव्हते.
कांडी बदलली की धागा
तोंडानं ओढून घ्यावा लागे, मॅडम.
आपलं तोंड म्हणून.
एवढंच. पुढे बोलली नाही.
बाकावर कुणी तरी पेनाचं टोपण उघडबंद करत होतं,
तेही थांबलं.

मिलच्या जागी आता मॉल आहे, तिथे ती जाऊन आली.
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी गार्डला विचारलं,
जुनं मस्टर कुठे असेल?
तो म्हणाला, थर्ड फ्लोअर, कस्टमर केअर.

जूनमध्ये परिपत्रक आलं.
कादंबरी मंजूर. पेपर चौथा, ऐच्छिक,
किमान दहा विद्यार्थी असल्यास.
अर्ज नऊ आले.

तरी सुकेशिनी येते, पाचनंतर,
विभागातले सगळे गेले की.
वहीच्या मागच्या पानावर तिनं रकाने आखलेत,
मस्टरसारखे : नाव, वय, खातं, हजेरी.
म्हणाली, आजीलाही तिचं नाव ठाऊक नाही.
मनानंच ठेवू काय एखादं?
ठेव ना.
पण ते खोटं होईल, मॅडम.
मला उत्तर आलं नाही, पगार त्याचाच मिळतो तरी.
म्हटलं, आधी वय लिहून बघ. अंदाजे.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच ती पावती फाडली होती.

वय नको, ती म्हणाली.
आधी नाव.