शुक्रवारी पदवी

शुक्रवारी यारेत्झीला कॉलेजची पदवी मिळाली.
दोन वर्षांची, पण पदवीच.
साठ क्रेडिट, पै-पै करून साठवावी तशी,
पहाटे सहाच्या पिवळ्या बसमधून,
नेब्रास्काच्या बर्फात,
मक्याची खुंटं मोजत.

बाबा मांसाच्या कारखान्यातून
रात्रपाळी करून थेट आले, हात तीनदा धुऊन.
तरी कागदाला बोट लावलं नाही.
‘संपली ना आता शाळा?’
‘नाही. शाळेला अजून तीन आठवडे.’
ते हसले. मग तिच्याकडे बघत राहिले.

सोमवारी आरोग्याच्या तासाला
घरातली पहिली पदवीधर
मागच्या बाकावर हात वर करून बसली होती,
बाथरूमला जाऊ का, विचारायला.
सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते,
सावकाश.