थोडं म्हणजे किती

वाल्दिव्हियाच्या सरकारी इस्पितळात, तळघरात
धोबीखाना आहे. तिथली मी मुकादम.
तेवीस वर्षं माझ्या तोंडात एवढीच भाषा :
जरा इकडे ये. लवकर आवर. थोडं थांब.
नंतर बघू.
कुणी कधी विचारलं नाही, नंतर म्हणजे केव्हा.

निबाल्दोने विचारलं. पहिल्याच दिवशी.
"थोडं थांब" म्हटलं, तर थांबला,
ओल्या चादरींची गाडी धरून.
मी जेवून परत आले तरी तिथेच.
मला वाटलं, टोमणा मारतोय.
आवाज चढवला.
त्याने कान झाकले आणि गाडीखाली जाऊन बसला,
भोंग्याला भ्यालेलं कुत्रं बसतं तसा.

असं मीच सगळ्यांना सांगितलं तेव्हा. हसलोही आम्ही.
ते वाक्य अजून दातात अडकून आहे.

मग वरच्या मजल्यावरून एक बाई आली फाईल घेऊन.
शब्द लांबलचक. मला कळलं ते इतकंच :
पोरगा बिघडलेला नाही,
दिव्याचा आवाज त्याला ऐकू येतो.

दिव्याला आवाज असतो?
रात्री सगळी यंत्रं बंद करून
त्याच्या टेबलापाशी एकटीच उभी राहिले.
असतो.
डासासारखा. न चावणारा, न जाणारा.

ट्यूब काढली. नव्या दिव्याचा अर्ज
चार महिने फिरत होता वर,
तोवर माझ्या स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब लावला
आणि घरी मेणबत्तीवर कांदा चिरला.
साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले :
सात वाजता, तिसरा मजला, हिरव्या पिशव्या, चाळीस.
नऊ चाळीसला चहा.
दहा वाजता परत.
लिहिताना कळायचं, मलाच ठाऊक नसायचं
मला नेमकं काय हवंय.

रोसामेल फणफणला, "त्याचेच लाड का?"
"तुझ्या पाठीसाठी उंच स्टूल आणलं,
तेव्हा कुणी म्हणालं लाड?"
गप्प बसला. पण आठवडाभर
माझ्या हातचा चहा घेतला नाही.

सगळं जमलं असं नाही.
आगीच्या कवायतीची घंटा वाजणार होती,
मला माहीत होतं, पुठ्ठ्यावर घालायची राहिली.
तीन दिवस तो आला नाही.
चौथ्या दिवशी आला, चादरी मोजल्या,
माझ्याकडून माफी घेतली,
म्हणजे ऐकली, आणि पुढची चादर उचलली.

सुट्टीत नदीकाठच्या मासळीबाजारात जातो.
तिथे समुद्रसिंह घसा फोडून ओरडत असतात.
तो आवाज त्याला चालतो. कसा, मला विचारू नका.
मीही विचारत नाही.

ऑगस्टात माझी बहीण गेली.
कामावर आले तर सगळ्यांचे आवाज मऊ,
काही लागलं तर सांग,
आम्ही आहोत,
वेळच औषध.
मी मान हलवत होते, बाहुलीसारखी.
"बहीण गेली," मी निबाल्दोला म्हटलं.
"कुठे?"

रोसामेलने त्याला कोपर मारलं.
इस्त्रीची वाफ तेवढी बोलत राहिली.
मी म्हटलं, "मेली. गुरुवारी. पहाटे सव्वाचारला."
तीन दिवसांत पहिल्यांदा
ते वाक्य माझ्या तोंडून पूर्ण झालं.
त्याने होकार दिला, माझ्याकडे नाही,
माझ्या बाहीच्या बटणाकडे बघून.

दुपारी टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा.
एका बाजूला माझंच जुनं अक्षर, नऊ चाळीसला चहा.
दुसऱ्या बाजूला त्याचं, सुटं सुटं, ठाशीव :
मंगळवार ते शुक्रवार. सहा ते दोन.
तुमच्या पिशव्या मी मोजेन.
तुम्ही बोलायची गरज नाही.
शनिवारचं मला माहीत नाही.

शनिवारचं मलाही.