येणे बाकी

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत इम्तियाज मुजावरनं
वरच्या फळीवरून खोकं काढलं, फुंकर मारली.
"शेवटचा पीस, काका. आता चकत्या कोण लावतंय?
सगळं मोबाइलवर."
तरी त्यानं गुण सांगितले,
बैलबाजारात दात दाखवावेत तसे:
एक हजार ऐंशी रेघा, एकही तुटकी नाही;
सात दिशांनी आवाज, वर जमिनीतून घुमणारा आठवा;
रंग इतके की मोजायला दुसरं यंत्र लागावं;
जिथं थांबवाल ती जागा वीज गेली तरी ध्यानात;
आणि चित्र एकेक करून पुढं, एकेक करून मागं,
सेकंदाला चोवीस, थेटरात चालायची तशीच.

मी म्हटलं, माझा सिनेमा काळापांढरा आहे.
आवाज एकाच भोंग्यातला.
तो हसला. "मग तीनशे कमी द्या."

चकती आधीच कुरिअरनं आली होती.
कुणीतरी दूर कुठंतरी मूळ निगेटिव्ह धुतली, पुसली,
ओरखडे एकेक करून बुजवले.
नावांच्या पाटीवर आबा नाहीत. आधीही नव्हते.
पांडबा सुतार, पडदे रंगवणार,
हे नाव मंगळवार पेठेतल्या वाण्याच्या वहीत तेवढं असायचं,
आणि तेही खाडाखोड होऊन.

चाळिसाव्या मिनिटाला घाट येतो.
पंचगंगेचा. पण नदी नाही, मांजरपाट:
बावीस वार कापड, सरस, खडू, काजळी, थोडी नीळ.
नायिका बसते ती पायरी खरी,
बाकीच्या कापडावर चढत जातात देवळापर्यंत.
लहानपणी नायक इथं काय बोलतो ते कधी ऐकलंच नाही,
आम्ही भावंडं एकमेकांना कोपर मारत असू,
"आबांचं पाणी, आबांचं पाणी!"
मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसायचं.

परवा मी थांबवलं. दुप्पट केलं. चौपट.
देवळाच्या जोत्याशी, नायिकेच्या कोपरामागं,
जिथं साठ वर्षं मी शेवाळ समजत आलो,
तिथं पेन्सिलीचं अक्षर.

सरस २ शेर
नीळ ४ आणे
हमालीचं पोरगं ८ आणे
येणे बाकी १७ रु. ६ आ.

कागद नसायचा हाताशी. भिंतीवर, फळकुटावर,
कधी स्वतःच्या पोटरीवर हिशोब मांडायचे.
आई ओरडायची, तर म्हणत,
"कॅमेऱ्याला एवढं कुठलं दिसतंय!"
घाईत वरून रंग मारायचा राहिला असेल.
का राहू दिला असेल?
ते यंत्राला विचारता येत नाही,
एवढी बटणं असून.

मी चित्र एकेक करून पुढं नेलं.
अकराव्या चित्रात नायिकेचा श्वास, कोपर सरकतं,
'येणे' झाकलं जातं.
नुसतं 'बाकी' उरतं, चार चित्रं.
मग पदर येतो.

आईची खुर्ची पुढं ओढली.
ब्याण्णवचं वय, मोतीबिंदू दोन्ही काढलेले.
बराच वेळ ती काचेजवळ नाक नेऊन बघत राहिली.
"त्येंचंच अक्षार. सात बघ की, विळ्यावानी."
मग पाय खुर्चीवर घेऊन बसत,
कालचीच गोष्ट असल्यागत,
"दिलं न्हाईत त्यांनी. दोनदा गेल्ते मी मागायला,
तू कडंवर हुतास."

तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीत कुणाची तरी फोडणी करपली, कुत्रं भुंकलं
एकाच दिशेनं.

आली तेव्हा पेटीनं निळं डोळ्याएवढं दिवं लावलं
आणि विचारलं,
जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू करायचं?
माझा अंगठा बटणावर.

"नगं," आई म्हणाली,
"आधी त्येंचा हिशोब हुंदे."