दोनशे नव्व्याण्णव

रविवारी पहाटे सव्वापाचला झाशी राणी चौकात मिनीबस उभी.
माझ्या पिशवीत पोहे, गुडघ्याचा पट्टा
आणि बायकोने दोनदा तपासलेली बीपीची गोळी.
'सोपी टेकडी आहे काका,' भाविका लांजेवार म्हणाली,
आणि यादीत माझ्या नावापुढे लिहिले : नवखा.
अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी असे लिहिले की
बरे वाटते. जरा टोचतेही.

परशिवनीच्या अलीकडे डांबर संपले.
पायथ्याशी मडावी, वनखात्याचा रोजंदार,
तीनशे रोपे पोत्यावर मांडून बसलेला.
पोरांनी दोन-दोन उचलली.
मला त्याने एकच दिले,
माझे गुडघे बघून, नाहीतर केस.
'मोह हाय. याची मुळी सरळ खाली जाते.
मोडली का रुसते.'

मी घातले होते कंपनीचे जुने बूट, पुढे पोलाद असलेले.
खापरखेड्याला बॉयलरपाशी एकतीस वर्षे;
लोखंडी जिना एकशे अठ्ठावीस पायऱ्यांचा,
झोपेतही मोजता यायचा.
इथे मोजण्यासारखे काही नाही.
मुरूम, घसरता दगड, दुसरा दगड,
मग कुण्या पोराने पुढे केलेला हात,
ज्याचे नाव मी विचारायचे विसरलो.
'अजून किती?'
'झालंच काका.'
हे 'झालंच' चार वेळा खोटे निघाले,
पाचव्यांदा खरे.

माथ्यावर वारा.
आणि दक्षिणेला, ढगाळ उजेडात, करंगळीएवढ्या
माझ्या चिमण्या.
इतकी वर्षे त्यांच्या पायाशी होतो,
मान वर करूनच पाहायच्या, एवढेच ठाऊक.
'काका, काय दिसतंय तिकडे?' एका मुलीने विचारले.
'चिमण्या,' मी म्हणालो.
ती बराच वेळ आभाळात पाखरे शोधत राहिली.

माझ्या वाट्याला खड्डा एकशे बारा.
त्यात आधीच एक काडी उभी होती,
गेल्या वर्षीची. पान नाही.
पत्र्याचा बिल्ला वाऱ्यावर टिकटिक करत,
लावणाऱ्याचे नाव पावसाने पुसलेले.
'ते गेलं काका, उपटा.'
मी वाकलो. गुडघा बोलला, त्याला बोलू दिले.
सवयच तशी :
काटा शून्यावर असला तरी
पाइपला हात लावून बघायचे.
नखाने साल खरवडली.

आत हिरवे.
तांदळाच्या दाण्याएवढे, ओलसर.

मडावीने पाहिले. बोलला काही नाही.
बाटलीतले निम्मे पाणी काडीच्या बुडाशी ओतले,
उरलेले प्याला.
मग आम्ही दोघांनी आळे केले,
उताराच्या अंगाला दगड लावले,
तो लावायचा, मी चुकीचा दगड द्यायचो,
तो बाजूला ठेवायचा.

भाविका वही घेऊन आली.
'लावलं?'
'नाही.'
तिने काडी पाहिली, माझे नख पाहिले,
काखेतला मोह पाहिला.
असल्या गोष्टीला वहीत रकाना नव्हता.
एकूण लागवड, तिने लिहिले, २९९.
पेन थोडा वेळ तिथेच ठेवून उभी राहिली.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड,
हे नवख्यांना कुणी आधी सांगत नाही.
एका हातात काठी, दुसऱ्यात तो,
बोटभर बुंधा, चार पाने, ओल्या मातीची पिशवी.
बसमध्ये पोरे एकमेकांच्या खांद्यावर झोपली.
मी झोपलो नाही, मांडीवर सांडला असता.

'लावायला गेला होतात ना?' बायको दारातच म्हणाली,
'मग घेऊन कसे आलात?'
मी सांगितले. तिने ऐकले,
आणि न खाल्लेले पोहे पिशवीतून काढत म्हणाली,
'आता हे कुठं ठेवायचं?'

तूर्त गॅलरीत आहे, कपड्यांच्या दोरीखाली.
रात्री उठून एकदा पाहून आलो.
मुळी सरळ खाली जाते, मडावी म्हणाला होता.
सरळ खाली दुसरा मजला, पहिला,
मग निखाड्यांची स्कूटर, मग सिमेंट.
पुढच्या रविवारपर्यंत
कळ काढ, बापा.