तिसऱ्या टेकमधलं मरण

शाळेच्या जिममध्ये पडदा लावलाय
बास्केटबॉलच्या रिंगला दोऱ्या बांधून.
चादरीची घडी पडलेली रेघ
बरोब्बर माळरानाच्या मधून जाते.
तिकीट नाही. दारात कॉफीचा रिकामा डबा,
त्यावर चिकटपट्टी : ‘घोडीच्या चाऱ्यासाठी’.

इट्झेल बर्राझा, वय वीस, दिग्दर्शिका.
परवापरवापर्यंत माझ्या पिवळ्या बसमध्ये
मागच्या सीटवर बसून काचेवरच्या वाफेत चौकोन काढायची
आणि त्यातून बीटाची शेतं बघत राहायची.
मला वाटायचं, पोरगी चाळा करतेय.

दिवे गेले.
सन अठराशे ब्याऐंशी, म्हणते पाटी.
गावाबाहेर उभा केलेला प्लायवूडचा गुत्ता,
त्याचं दार ढकललं की मागे
काहीच नाही, नुसतं नेब्रास्का.
आभाळात विमानाची पांढरी रेघ.
कुणी हसलं नाही.
दरोडेखोर आला, म्हणजे विमा विकणारा वेंडेल स्टास्नी,
तेव्हा मात्र हसले : मिशी एका बाजूनं सुटलेली.
सगळ्यात जोरात त्याची आई.

आणि मग शेरीफ.
माझा ऑरिन.
बेचाळीस वर्षं बघतेय या माणसाला,
दहा फूट उंच कधी बघितला नव्हता.
नाकातले केससुद्धा ऐतिहासिक दिसत होते.

वेंडेलनं पिस्तूल काढलं
आणि नेमका आवाज गेला.
स्पीकर खरखरला, मुका झाला.
इट्झेल वायरींवर झेपावली.
पडद्यावर धूर, आणि ऑरिन छातीशी हात नेऊन

तोच हात. तीच जागा.
गेल्या फेब्रुवारीत स्वयंपाकघरात
असाच, बिनआवाजाचा,
ओट्याची कड धरून खाली बसला होता.
पोरीला हे ठाऊक नाही.
दोन टेक नाटकी झाले म्हणाली होती ती.
तिसऱ्यात त्यानं अभिनय केलाच नाही,
त्याला फक्त आठवलं.

अंधारात एक पोर ओरडलं, ‘ठो!’
मग दुसरं. मग अख्खी जिम :
मांड्यांवर थापा मारून टापा,
शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून वारा,
फादरनी तर गिधाडाचा आवाज काढला.
मीच तेवढी गप्प.

शेजारी मेलेला माणूस पॉपकॉर्न खात होता.
‘कसा मेलो?’ कानाशी कुजबुजला.
‘जरा लांबवलंस,’ म्हटलं,
आणि त्याचा लोणी लागलेला हात धरून ठेवला,
इतका घट्ट, की त्याला डाव्या हातानं खावं लागलं.

नंतर बाहेर, पार्किंगमध्ये, पोरांचा हट्ट.
पुन्हा एकदा, मिस्टर कुचेरा, एकदाच.
त्यानं टोपी नीट केली, छाती धरली,
खडीवर आडवा झाला.
पोरं मोजायला लागली. एक. दोन. तीन.
पिकअपच्या दिव्यात धूळ हळूहळू खाली बसत होती.
चार.

‘ऊठ मेल्या,’ मी म्हटलं.
चिखलाच्या बुटांसाठी, उघड्या फ्रीजसाठी
आयुष्यभर म्हणत आले हे,
जिभेला कधी काही लागलं नव्हतं.

त्यानं एक डोळा किलकिला केला.
‘आधी कट म्हण.’