पंच क्रमांक दोन

पाटबंधारे खात्यातला कारकून मी,
सरकारी नोकर म्हणून पंच लागलो:
बघायचं, ऐकायचं, सही करायची.
पंचवटीत, सरदार चौकामागच्या बोळात,
दुसरा मजला. जिन्यात कापराचा
आणि ओल्या पंचांचा वास.

निरीक्षक गांगुर्डे बाईंनी हातमोजे चढवले.
लॅपटॉपला शिवण्याआधी चारी बाजूंनी फोटो,
जसे प्रेताचे काढतात.
मग डिस्कची नक्कल. अडीच तास. दोनदा चहा.
शेवटी हॅश व्हॅल्यू, चौसष्ट अक्षरं,
त्या मोठ्याने वाचत गेल्या, हवालदार थेटे लिहीत गेला:
सात, एफ, शून्य, शून्य, बी...
"आत एक ठिपका हलला तरी
ही सगळी ओळ बदलते. पंच, ऐकताय ना?"
ऐकत होतो.

कोपऱ्यात नीळकंठ गुरुजी, मांडीवर लाल फडक्यात वही.
गाव सांगा. आडनाव सांगा. आजोबांचं नाव.
तिन्ही जुळल्याशिवाय
त्यांनी कधी गाठ सोडली नव्हती,
आणि शेजारच्या कुळाचं पान
कधी बोटाखालून सरकू दिलं नव्हतं.

वाळवी लागेल म्हणून नातवाने फोटो काढले.
सारंग. एकोणीस हजार पानं, दोन पावसाळे.
कुणीतरी फोनवर भाव विचारला. दोन रुपये कुळाला.
बँकेचा यंत्रातला आवाज गिऱ्हाइकाला विचारतो ना,
आईचं माहेरचं आडनाव?
उत्तर वहीत होतं.
ओझरचा निवृत्त फिटर, देवळालीच्या बाई,
अकरा खाती रात्रीत धुतली गेली.

"कलम सहासष्ट," बाई म्हणाल्या, "तीन वर्षं, पाच लाख.
सहासष्ट सी वेगळं. फसवणुकीचं आणखी वेगळं."
सारंग नखं बघत होता.
गुरुजींनी विचारलं, "आणि जे मेलेत, त्यांची नावं विकली,
त्याला कुठलं कलम?"
थेटेचं पेन थांबलं.
बाईंनी हातमोजा उलटा करून काढला.
"गुरुजी, माझा कायदा
जिवंत माणसापाशी येऊन थांबतो."

तेवढ्यात पडद्यावर यादी सरकली
आणि माझं गाव आलं. माझं आडनाव.
आजोबांच्या अस्थी घेऊन आलेल्या वडिलांच्या अक्षरात
आईचं माहेर.

आमच्या घरात ते कुणी उच्चारत नव्हतं.
ती कुणाचं दार ओलांडून आली,
विचारायला गेलो की ती पीठ चाळायला घ्यायची.
बँकेच्या फॉर्मात मी काहीतरी ठोकून दिलं होतं, "जगताप".
म्हणून माझे पैसे शाबूत.

सांगायला हवं होतं: बाई, पंच बदला,
हा यादीत आहे.
यादी पुढे सरकली.
लाख वितळली, पाकिटावर शिक्का बसला.
"पंच क्रमांक दोन, इथे. पूर्ण नाव."

लिहिलं. वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं.
मग पेन उचललं नाही बराच वेळ.
थेटे म्हणाला, साहेब, शाई पसरतेय.